संलग्न व सशुल्क दुवे

संलग्न व सशुल्क दुवे : आंतरजालावरील एका पृष्ठावरून दुसऱ्या पृष्ठाकडे नेणाऱ्या शब्दांना किंवा चित्राला दुवा म्हणतात. दुव्यावरून गेलेल्या वाचकाने खरेदी केली असता दुवा देणाऱ्यास विक्रीच्या प्रमाणात मोबदला मिळत असेल, तर तो संलग्न दुवा होय. दुवा पृष्ठावर ठेवला एवढ्याचबद्दल पैसे दिले जात असतील, तर त्यास सशुल्क दुवा म्हणतात. ब्लॉगलेखकांच्या उत्पन्नाचे हे दोन परिचित मार्ग आहेत. त्यांचा अवलंब मोबदला लपवून केल्यास शोधयंत्रे त्या संकेतस्थळाचे स्थान खाली आणतात. या कारवाईस व्यवहारात शोधयंत्राचा दंड असे म्हटले जाते. हा दंड पैशाच्या रूपात नसला, तरी त्यामुळे वाचकसंख्या घटून उत्पन्न जवळजवळ संपुष्टात येऊ शकते.

अडतीशी तुलना : मोबदला घेऊन विक्री घडवून आणण्याचा व्यवहार नवा नाही. शेतमालाच्या बाजारातील अडत हे त्याचे महाराष्ट्रातील सर्वपरिचित रूप होय. पुण्याची मंडई १८८६ मध्ये ‘रे मार्केट’ या नावाने सुरू झाली व पुढे तिला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. तेथील घाऊक व्यापार कालांतराने गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला आणि मंडईत किरकोळ विक्री राहिली. घाऊक बाजारातील अडत्या शेतकऱ्याचा माल आपल्या गाळ्यावर उतरवून घेतो, त्यास गिऱ्हाईक मिळवून देतो व आलेल्या किमतीवर ठरलेल्या दराने अडत घेतो. अडत घेणे हा दोष मानला जात नाही. दोष होता तो व्यवहार झाकण्यात. बाजारांचे नियमन होण्यापूर्वी अनेक ठिकाणी हत्ता पद्धती रूढ होती. तीत अडत्या व खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून भाव ठरवीत. शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्यास खरा भाव व त्यातून कोणी किती घेतले, हे कळत नसे.

यावर उपाय म्हणून वऱ्हाडात १८९७ मध्ये कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. मुंबई प्रांतात १९३९ मध्ये व महाराष्ट्र राज्यात १९६३ मध्ये कृषि उत्पन्न बाजारांविषयीचे कायदे झाले. उघड लिलाव, परवानाधारक अडत्ये, अडतीचे ठरलेले दर व शेतकऱ्यास लेखी हिशेबपट्टी ही या नियमनाची अंगे होत. २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे व भाजीपाला यांवरील अडतीचा भार शेतकऱ्याऐवजी खरेदीदारावर टाकला. या सर्व नियमनाचा रोख अडत नाहीशी करण्याकडे नसून ती उघड करण्याकडे होता. आंतरजालावरील दुव्यांबाबत आज नेमका हाच प्रश्न उपस्थित झाला आहे.

दुव्याचे मोल : सर्गेई ब्रिन व लॅरी पेज यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित केलेल्या पेजरँक या पद्धतीवर गूगल हे शोधयंत्र उभे राहिले (१९९८). विद्वान ज्या ग्रंथाचा हवाला वारंवार देतात तो ग्रंथ महत्त्वाचा, तद्वतच ज्या पृष्ठाकडे अनेक पृष्ठे दुवे देतात ते पृष्ठ महत्त्वाचे, हे तिचे मूलतत्त्व होय. सर्व हवाल्यांचे वजन सारखे नसते. स्वतः महत्त्वाच्या असलेल्या पृष्ठाने दिलेला दुवा अधिक मोलाचा ठरतो. त्या पृष्ठाचे मोल त्यावरील दुव्यांमध्ये विभागले जाऊन पुढे जाते. दुवा ज्या शब्दांवर दिलेला असतो, त्या शब्दांवरून पुढील पृष्ठाचा विषयही यंत्र ताडते. आज शोधयंत्रे दुव्यांखेरीज इतर अनेक निकष वापरतात, तथापि दुवा हा निकष कायम आहे.

या पद्धतीत प्रत्येक दुवा म्हणजे दिलेले एक मत होय, असे गृहीत धरलेले असते. मताला मोल आले की ते विकत घेणारेही निर्माण होतात. सशुल्क दुव्यांचा उगम यातच आहे.

संलग्न दुवा : ॲमेझॉन या कंपनीने १९९६ मध्ये सुरू केलेल्या योजनेमुळे या प्रकाराचा मोठा प्रसार झाला. दुव्याच्या पत्त्यात लेखकाची ओळखखूण असते. वाचकाने तो दुवा उघडला की त्याच्या यंत्रावर ‘कुकी’ नावाची छोटी नोंद होते. ठरलेल्या मुदतीत खरेदी झाल्यास मोबदला त्या लेखकाच्या खाती जमा होतो. ॲमेझॉनच्या योजनेत ही मुदत सामान्यतः २४ तासांची असते. उदाहरणार्थ, पुरणपोळीची कृती लिहिणाऱ्या लेखिकेने पुरणयंत्राच्या विक्रीपृष्ठाचा दुवा दिला व वाचकाने तेथून खरेदी केली, तर तिला ठरलेला हिस्सा मिळतो. वाचकास सहसा अधिक किंमत द्यावी लागत नाही.

या व्यवहारात धोका आहे तो शिफारशीच्या खरेपणास. ज्या वस्तूवर मोबदला अधिक तिची स्तुती अधिक, असे घडू शकते. वस्तू न वापरता विक्रेत्याचीच माहिती उतरवून काढलेली पृष्ठेही या मोहातून निर्माण होतात. गूगलच्या नियमांनुसार संलग्न दुवा हा मूलतः गैर नाही. मात्र ज्या पृष्ठावर लेखकाचा स्वतःचा अनुभव, परीक्षण वा तुलना नाही, केवळ दुवेच आहेत, असे पृष्ठ निकृष्ट मानले जाते.

सशुल्क दुवा : संलग्न दुवा वाचकासाठी असतो, वाचकाने तो उघडल्याखेरीज मोबदला मिळत नाही. शोधक्रम वाढविण्यासाठी विकत घेतलेला दुवा मात्र प्रत्यक्षात यंत्रासाठी असतो; एकाही वाचकाने तो उघडला नाही तरी खरेदीदाराचा हेतू साधतो. म्हणूनच पुरणपोळीच्या लेखात कर्ज देणाऱ्या संस्थेचा दुवा अकारण आलेला आढळतो. आयता लिहिलेला ‘पाहुणा लेख’ पैसे देऊन प्रसिद्ध करविणे व त्यात असा दुवा पेरणे, ही याचीच एक तऱ्हा होय. जाहिरात म्हणून दुवा विकण्यास शोधयंत्रांची हरकत नसते. हरकत आहे ती विकलेले मत न विकलेल्या मतांत मिसळण्यास. कारण त्यामुळे ज्या मापाने सर्वांची पृष्ठे मोजली जातात ते मापच खोटे होते.

दुव्यांवरील खुणा : जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू व मायक्रोसॉफ्ट यांच्या शोधसेवांनी ‘नोफॉलो’ ही खूण मान्य केली. ती लावलेला दुवा मत म्हणून मोजू नये, असा तिचा अर्थ होता. सप्टेंबर २०१९ मध्ये गूगलने मोबदल्याच्या दुव्यांसाठी ‘स्पॉन्सर्ड’ व वाचकांनी दिलेल्या दुव्यांसाठी ‘यूजीसी’ अशा आणखी दोन खुणा प्रचारात आणल्या. संलग्न दुव्यांनाही मोबदलादर्शक खूण लावणे अपेक्षित आहे.

या खुणा पृष्ठाच्या संकेतलेखनात असतात. त्या यंत्र वाचते, वाचकास त्या दिसत नाहीत. उलटपक्षी, लेखाच्या आरंभी दिलेली सूचना वाचक वाचतो, परंतु तेवढ्याने यंत्राचा नियम पाळला जात नाही. यंत्रास सांगणे व वाचकास सांगणे ही दोन भिन्न कर्तव्ये असून एकाने दुसरे फिटत नाही.

दंडाचे प्रकार : दंड दोन प्रकारचे असतात. (१) स्वयंचलित : गूगलने फेब्रुवारी २०११ मध्ये निकृष्ट मजकुरासाठी ‘पांडा’ व एप्रिल २०१२ मध्ये कृत्रिम दुव्यांसाठी ‘पेंग्विन’ ही गणनपद्धती लागू केली. २०१६ पासून पेंग्विन मूळ पद्धतीचाच भाग झाला असून संशयास्पद दुव्यांचे मोल शून्य धरण्याकडे तिचा कल आहे. या प्रकारात संकेतस्थळाच्या चालकास सूचना मिळत नाही. (२) मानवी : कंपनीचे कर्मचारी पृष्ठे तपासून कारवाई करतात. तिची सूचना ‘सर्च कन्सोल’ या सेवेतून दिली जाते. दुवे विकत घेणाऱ्याचे स्थान घसरते. विकणाऱ्याच्या दुव्यांवरील विश्वास काढून घेतला जातो आणि त्याच्या स्वतःच्या पृष्ठांचे स्थानही खाली येऊ शकते.

फेब्रुवारी २०११ मध्ये जे. सी. पेनी या अमेरिकी विक्रीसंस्थेसाठी हजारो कृत्रिम दुवे पेरले गेल्याचे न्यूयॉर्क टाइम्सने उघडकीस आणले. त्यानंतर तिची पृष्ठे शोधक्रमात झपाट्याने खाली गेली. जानेवारी २०१२ मध्ये क्रोम या न्याहाळकाच्या प्रसारमोहिमेत सशुल्क दुवा आढळल्याने गूगलने स्वतःच्याच उत्पादनाच्या पृष्ठाचे स्थान किमान ६० दिवसांसाठी खाली आणले. मार्च २०२४ मध्ये, प्रतिष्ठित संकेतस्थळाच्या नावलौकिकाचा लाभ उठविण्यासाठी तेथे परक्याचा मजकूर ठेवण्यावरही निर्बंध जाहीर झाले.

मानवी कारवाई झाल्यास सशुल्क दुवे काढून टाकणे किंवा त्यांना योग्य खूण लावणे व नंतर फेरविचाराचा अर्ज करणे हा उपाय असतो. इतरांनी आपल्या पृष्ठाकडे दिलेले व काढता न येणारे दुवे नाकारण्याची सोय ऑक्टोबर २०१२ पासून उपलब्ध आहे. स्वयंचलित कारवाईविरुद्ध असा अर्ज करता येत नाही. दोष दूर करून पुनर्मूल्यांकनाची वाट पाहावी लागते.

भारतातील कायदा : शोधयंत्राचा नियम हा कंपनीचा नियम आहे, वाचकाप्रती असलेले कर्तव्य मात्र कायद्याने सांगितले आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. शिफारस करणारा व विक्रेता यांच्यातील आर्थिक संबंध जाहीर करणे त्यांनुसार आवश्यक आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत व पुनरावृत्तीबद्दल ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जानेवारी २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शिकेनुसार ही सूचना शिफारशीच्याच भाषेत असावी लागते. म्हणजेच मराठी लेखाच्या तळाशी इंग्रजीतील एखादा शब्द टाकणे पुरेसे नाही. मुंबईस्थित भारतीय जाहिरात मानक परिषदेनेही २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरील शिफारशींविषयी नियम केले. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्येच ब्लॉगलेखकांना अशा नियमांच्या कक्षेत आणले होते.

मूल्यमापन : मापाचा खरेपणा राखण्यासाठी दंड आवश्यक आहे, हे मान्य करूनही दंड करणाऱ्याच्या अधिकाराचा प्रश्न उरतो. बाजार समिती ही कायद्याने स्थापिलेली संस्था असते. तीत शेतकऱ्यांचे प्रतिनिधी असतात व अडत्याचा परवाना रद्द झाल्यास त्याविरुद्ध अपील करता येते. शोधयंत्र ही खाजगी कंपनी असून जाहिरातींची विक्री हे तिचेच मुख्य उत्पन्न आहे. बाजाराच्या परिभाषेत बोलावयाचे तर तोलारी व अडत्या एकच आहे. जाहिरातींवर चालणारे शोधयंत्र जाहिरातदारांकडे झुकण्याचा संभव असतो, हे ब्रिन व पेज यांनी १९९८ च्या आपल्या निबंधातच नमूद केले होते. शोधनिकालांत स्वतःच्या सेवांना झुकते माप दिल्याबद्दल यूरोपीय आयोगाने २०१७ मध्ये गूगलला २४२ कोटी यूरोंचा दंड केला. भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये १३५·८६ कोटी रुपयांचा दंड केला. या आदेशाविरुद्ध कंपनीने अपील केले.

लहान भाषांतील लेखकांच्या दृष्टीने हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. मराठी ब्लॉगलेखकाचा वाचकवर्ग मर्यादित असतो व त्यातील बराचसा शोधयंत्रामार्फत येतो. थोड्या पैशांसाठी विकलेल्या एका दुव्यामुळे अनेक वर्षांच्या लेखनाची वाट बंद होऊ शकते. कंपनीचा नियम उद्या बदलला, तरी वाचकाप्रती असलेले कर्तव्य बदलत नाही. कोणत्या शिफारशीमागे कोणाचा पैसा आहे हे वाचकास त्याच्या भाषेत, शिफारशीजवळच सांगणे, हे हिशेबपट्टी हाती देण्यासारखे आहे. ती मिळाल्यावर शिफारस मानावयाची की नाही, हे वाचकास ठरविता येते.