थीम पार्कचं तिकीट काढताय? आधी रांगेचा हिशेब करा

ईदची सुट्टी असो की मे महिन्याची, घरात एक प्रश्न हमखास निघतो: यंदा मुलांना कुठं न्यायचं? आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांतला कर्ता माणूस आखातात नोकरीला आहे. ७ मे २०२५ रोजी डिस्ने कंपनीने अबू धाबीच्या यास बेटावर नवं पार्क करण्याची घोषणा केली, तेव्हा या घरांतल्या मुलांचे कान टवकारले असतील. अमेरिका लांब, पण अबू धाबीला तर अब्बा किंवा मामू आहेत!

म्हणूनच डिस्नेच्या सर्वांत मोठ्या रिसॉर्टमध्ये, अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डमध्ये, गेल्या काही वर्षांत काय घडलं ते आपण समजून घेऊया.

जे फुकट होतं, ते विकत झालं

डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ ला उघडलं. तेव्हा मोठ्या माणसाचं प्रवेश तिकीट साडेतीन डॉलर होतं. राइडची कुपनं वेगळी घ्यावी लागत, हे खरं. पण महागाई धरूनही ते साडेतीन डॉलर आजचे सुमारे २७ होतात. २०२५ च्या नाताळात तिथल्या मॅजिक किंगडम या पार्कचं एका दिवसाचं तिकीट १९९ डॉलरवर गेलं. गर्दीच्या दिवसांत जास्त दर, एरवी कमी, अशी पद्धत आहे.

पण नुसतं तिकीट वाढलं असं नाही. १९९९ पासून तिथे फास्टपास होता. ठरलेल्या वेळी या, छोट्या रांगेतून आत जा, आणि तेही फुकट. कोरोनात २०२० ला पार्क बंद झालं आणि फास्टपास परत आलाच नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच्या जागी माणशी दिवसाला १५ डॉलरचा पास आला. डिसेंबर २०२३ मध्ये तो ३९ डॉलरपर्यंत पोचला. सर्वांत लोकप्रिय राइड त्यातही नाहीत, त्यांचे पैसे वेगळे. विमानतळावरून हॉटेलपर्यंत नेणारी फुकट बसही २०२२ च्या सुरुवातीला बंद झाली.

साधी रांग का लांबते?

समजा, एका राइडमध्ये तासाला १,००० माणसं बसतात आणि रांगेत तुमच्या पुढे ८०० जण आहेत. सगळ्या जागा याच रांगेला मिळाल्या तर ४८ मिनिटांत तुमचा नंबर लागेल. पण त्यातल्या ६०० जागा पासवाल्यांसाठी ठेवल्या, तर तुमच्या रांगेला उरतात ४०० आणि नंबर लागायला लागतात दोन तास. वेगळी रांग फास्टपासच्या काळातही होती, पण ती सगळ्यांना खुली होती. आता बाजूने पुढे जाणारा माणूस पैसे भरून जातो, आणि त्याचा वाचलेला वेळ तुमच्या वेळेतून निघतो.

खरी गोम इथेच आहे. साधी रांग जितकी कंटाळवाणी, तितका पास जास्त खपणार. मग रांग कमी करण्याची घाई कोणाला?

कंपनीची बाजू

डिस्नेच्या २०२४ च्या आर्थिक वर्षात सर्व विभागांच्या मिळून झालेल्या नफ्यापैकी सुमारे ६० टक्के नफा पार्क, क्रूझ आणि त्यांच्याशी जोडलेल्या व्यवसायातून आला. जिथून पैसा येतो तिथेच आणखी पिळायचा मोह होतो. दर वाढवण्यात आपण जरा जास्तच पुढे गेलो असू, अशी कबुली कंपनीचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी २०२३ मध्ये दिली. त्याच वर्षी रिसॉर्टच्या हॉटेलांतलं रात्रीचं पार्किंग पाहुण्यांना पुन्हा मोफत झालं, आणि दहा वर्षांत ६० अब्ज डॉलर गुंतवण्याची योजनाही जाहीर झाली. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये आणखी एक पास आला. मॅजिक किंगडममध्ये ऐन गर्दीत त्याचा दर माणशी ४४९ डॉलर, तोही एका दिवसाचा आणि तिकिटाव्यतिरिक्त.

आपल्या घराचा हिशेब

नवरा-बायको आणि दहा वर्षांवरची तीन मुलं. १९९ डॉलरची पाच तिकिटं आणि ३९ डॉलरचे पाच पास मिळून १,१९० डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तरी एका दिवसाचे एक लाखाच्या वर. यात विमान, हॉटेल, जेवण काहीच नाही.

अबू धाबीचं पार्क मिराल ही तिथली कंपनी बांधणार आणि चालवणार आहे, आराखडा आणि नाव डिस्नेचं. ते उघडेल तेव्हा तिकिटाचा आकडा बघून लगेच ‘बुक’ दाबू नका. आधी विचारा: तिकिटात सगळ्या राइड आहेत का? पुढच्या रांगेचे पैसे वेगळे का? आपण जातोय तो दिवस गर्दीच्या दराचा तर नाही? ईदच्या सुट्टीत तिथेही सगळ्यांनाच सुट्टी असते, हे विसरू नका.

घराजवळच्या वॉटर पार्कलाही हेच प्रश्न लावा. लॉकर, पोशाखाचं भाडं, बाहेरचं खाणं चालतं की नाही, हे फोन करून विचारा. शिवाय बायका-मुलींना पूर्ण अंगाच्या पोशाखात पाण्यात उतरू देतात का आणि आत हलाल जेवण मिळतं का, हेही विचारून घ्या. पैसे भरल्यावर गेटवर वाद घालण्यात कोणाचीच सहल गोड होत नाही.

मुलांना फिरवणं ही काही उधळपट्टी नव्हे. पण परक्या मुलुखात वर्षभर राबून जमवलेला पैसा आहे तो. त्यातून मुलांना खेळायला मिळायला हवं, दोन-दोन तास उभं राहायला नव्हे.