घोड्याचा दमा आणि खेल्लाचं बी

दमा माणसांना होतो हे तुम्हाला माहीत आहे. पण तो घोड्यालाही होतो. आणि त्यावर श्वासातून दिलं जाणारं एक औषध चक्क ओवा-कोथिंबिरीच्या कुळातल्या एका रोपापर्यंत जाऊन पोहोचतं. आज ही साखळी समजून घेऊया.

घोड्याला दमा कशामुळे होतो?

थंड प्रदेशात, उदा. ब्रिटनमध्ये, हिवाळाभर घोडे तबेल्यात बांधलेले असतात. खायला वाळलेलं गवत. ते थोडं जरी ओलसर राहिलं तरी त्यावर बुरशी चढते. घोडा त्या गवतात नाक खुपसून खातो, आणि बुरशीचे सूक्ष्म बीजाणू थेट फुफ्फुसात जातात. त्यामुळे श्वासनलिकांना सूज येते, आतले स्नायू आवळतात, चिकट कफ साठतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: घोडा आपल्यासारखा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, फक्त नाकाने घेतो. त्रास वाढला की नाकपुड्या फेंदारतात, खोकला येतो. हवा बाहेर ढकलण्यासाठी पोटाचे स्नायू सतत राबतात, आणि बरगड्यांच्या मागे त्या स्नायूंची एक रेघच उमटते. शांत उभ्या घोड्याचे श्वास मिनिटाला साधारण ८ ते १६ असतात. उभ्याउभ्या ते खूप वाढले, तर समजावं की काहीतरी बिनसलंय.

रोपापासून औषधापर्यंत

खेल्ला हे भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांतलं रोप. त्याच्या फुलांच्या छत्रीच्या वाळलेल्या काड्या दात कोरायला वापरतात. इजिप्तमध्ये मुतखड्याच्या कळांवर त्याच्या बियांचा काढा पूर्वापार दिला जाई. बियांमधलं खेलिन हे द्रव्य आवळलेले स्नायू सैल करतं. म्हणजे दम्यावर उपयोगी! पण ते पोटात घेतलं की मळमळ होते.

मग इंग्लंडमधल्या एका औषध कंपनीत खेलिनच्या रेणूत थोडेथोडे बदल करून नवनवी संयुगं बनवली गेली. तिथले डॉ. रॉजर अल्टुन्यान यांना स्वतःलाच दमा होता. गिनीपिगच्या केसांचा अर्क हुंगून ते मुद्दाम दम्याचा झटका आणत आणि प्रत्येक नवं संयुग स्वतःवर तपासत. १९६५ मध्ये त्यातून सोडियम क्रोमोग्लायकेट हाती आलं. म्हणजे हे औषध रोपातून जसंच्या तसं काढलेलं नाही. कल्पना रोपाची, रेणू प्रयोगशाळेतला.

ते काम कसं करतं?

श्वासनलिकेच्या अस्तरात मास्ट पेशी असतात. त्यांच्या आत हिस्टामिनसारख्या सूज आणणाऱ्या द्रव्यांच्या जणू पुड्या भरलेल्या असतात. न मानवणारा कण आला की या पुड्या फुटतात. क्रोमोग्लायकेट त्या फुटू देत नाही. पण एकदा फुटल्या, की त्याचा उपयोग नाही. म्हणून हे औषध धाप लागण्याच्या आधी द्यावं लागतं. ऐन झटक्यात ते कामाचं नाही.

ते गोळी म्हणून का देत नाहीत? कारण आतड्यातून ते जवळजवळ शोषलंच जात नाही. म्हणून ते थेट फुफ्फुसातच पोहोचवावं लागतं. घोड्याच्या नाकावर मुखवटा बसवतात आणि यंत्राने औषधाचे अतिसूक्ष्म तुषार करून देतात. हा आपला वाफारा नव्हे. यात पाणी उकळत नाहीत. तुषाराचा थेंब साधारण ५ मायक्रॉनपेक्षा लहान हवा, नाहीतर तो नाकातच अडकतो.

सगळ्या घोड्यांना चालतं का?

नाही. पशुवैद्य फुफ्फुसात थोडं द्रावण सोडून ते परत ओढून घेतात आणि त्यातल्या पेशी मोजतात. मास्ट पेशी जास्त दिसल्या तर क्रोमोग्लायकेटचा विचार होतो. तीव्र दम्यात मात्र बहुधा न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचा जोर असतो. तिथे स्टेरॉइडचा आधार घ्यावा लागतो. तेही आता श्वासातून देता येतं.

आणि कोणतंही औषध दिलं तरी धूळ तशीच राहिली तर दमा परत येतो. गवत भिजवून किंवा वाफवून द्या, तबेला हवेशीर ठेवा, जमेल तितकं घोड्याला कुरणात मोकळं सोडा. खरा उपचार इथून सुरू होतो.

आपल्याकडे कुणी म्हणेल, "मग तबेल्यात ओव्याची धुरी दिली तर? तीही वनस्पतीच की!" तसं करू नका. धूर कुठल्याही झाडपाल्याचा असो, त्यातले कण सुजलेल्या श्वासनलिकेला आणखी त्रासच देतात. रोपात गुण असतो हे खरं, पण तो कुठे, किती आणि कोणत्या रूपात पोहोचतो यावर त्याचं औषध होणं ठरतं.

विचार करा: १) क्रोमोग्लायकेट झटका आल्यावर का उपयोगी पडत नाही? २) गवत भिजवल्याने नेमकं काय बदलतं?