गेअरबॉक्स बसला, क्लचचं काय?

उद्योजक वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे. १९४४ मध्ये त्यांनी काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो ट्रक बाहेर पडले. सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्याला, आमच्या कुंभारीकडे, असा एखादा ट्रक कुणी शेडमध्ये जपला असेल, तर मूळ गेअरबॉक्सचे दाते गेल्यावर दुसऱ्या गाडीचा बॉक्स चढवायचं मनात येणारच. पण काही ऐकीव समजांपायी त्यात क्लच प्लेट जळते.

‘बोल्ट जुळले की काम झालं.’ नाही. नव्या बॉक्सचा फोर्क, म्हणजे क्लच सोडवणारं बेअरिंग ढकलणारा दांडा, दुसऱ्या बाजूला असू शकतो, त्याची दिशाही उलटी असू शकते. फोर्क मध्ये टेकलेला असेल तर त्याचं बाहेरचं टोक मागे ओढल्यावर बेअरिंग पुढे सरकतं. आतल्या टोकाला टेकलेला असेल तर बाहेरचं टोक पुढेच ढकलावं लागतं. पेडलकडून फोर्ककडे येणारी जुनी सळई वाकवून हे जमत नाही. शिवाय क्लच प्लेटच्या मधल्या खाचा नव्या बॉक्सच्या शाफ्टला जुळणाऱ्या हव्यात.

‘लिव्हर लांब केला की पेडल हलकं, तोटा काहीच नाही.’ तोटा चालीत होतो. पेडलचा लिव्हर सहास एक आणि फोर्क दोनास एक असेल, तर पेडल १५० मिमी दाबल्यावर बेअरिंग साडेबारा मिमी सरकतं. फोर्क तिनास एक केला की जेमतेम आठ उरतात. मग प्लेट पुरती सुटत नाही, गेअर टाकताना करकरतो आणि दोष बिचाऱ्या बॉक्सवर जातो. म्हणून मोजायला सुरुवात बेअरिंगपासून करावी आणि उलट पेडलपर्यंत यावं.

सगळ्यात महाग समज फ्री प्लेचा, म्हणजे पेडलच्या ढिलाईचा. ‘पेडल ढिलं नको’ म्हणून सळई ताणून बसवतात. प्लेट झिजते तशी प्रेशर प्लेटची बोटं बेअरिंगकडे सरकतात; त्यांना जागाच नसेल तर बेअरिंग सतत फिरत राहतं, क्लच घसरतो, जळका वास येतो. वरच्या हिशेबात बेअरिंगपाशी दोन मिमी, म्हणजे पेडलला साधारण २५ मिमी ढिलाई हवीच.

‘हायड्रॉलिक लावलं की हिशेब नको’ हेही चूक. तिथे चाल सिलिंडरच्या व्यासाच्या वर्गावर ठरते. पेडलकडचा मास्टर १९ आणि फोर्ककडचा स्लेव्ह २२ मिमी व्यासाचा असेल, तर मास्टरच्या ३० मिमी चालीतून स्लेव्हला २२ मिमीच मिळतात.

आणि एक बारीक गोष्ट: सळईच्या जोडणीत पेडलची चाल फोर्ककडे नेणारा आडवा शाफ्ट चासीपासून इंजिनपर्यंत जातो. इंजिन रबरावर डोलतं, म्हणून शाफ्टच्या टोकाचा गोल बुश वेल्डिंग मारून कधीच पक्का करू नये.