दीड हजार पाउंड, जेलीच्या पालीमार्फत

सॉलोमन या नावाने आलेल्या एका मेलमध्ये नेहमीचंच आमिष होतं: सोनं पाठवतो, त्यातला वाटा तुमचा. ब्रिटिश विनोदी कलाकार जेम्स व्हीचने उलट अट घातली. प्रकरण नाजूक आहे, तेव्हा सांकेतिक भाषेत बोलू. वकिलाला ‘गमी बेअर’, म्हणजे जेलीचं अस्वल म्हणायचं, बँकेला ‘क्रीम एग’, कागदपत्रांना ‘जेली बीन्स’ आणि पैसे पोचवणाऱ्या वेस्टर्न युनियनला ‘जायंट गमी लिझर्ड’, म्हणजे जेलीची भलीमोठी पाल. ठगाने निमूट ऐकलं. पुढच्या मेलमध्ये त्याने गंभीरपणे कळवलं, अस्वलाच्या फीची जुळवाजुळव चालली आहे, दीड हजार पाउंड पालीमार्फत पाठवा. २०१५ मध्ये टेडच्या मंचावर व्हीचने हा पत्रव्यवहार वाचून दाखवला आणि सभागृह हसून लोळलं.

या थट्टेमागे चक्क गणित आहे. नायजेरियाच्या दंडसंहितेतल्या ४१९ कलमावरून या फसवणुकीला ‘४१९’ हेच नाव पडलं, इतकी ती बदनाम. तरी ठग स्वतःहून ‘आम्ही नायजेरियाचे’ असं का सांगतात? मायक्रोसॉफ्ट रिसर्चचे कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ मध्ये हाच प्रश्न घेऊन निबंध लिहिला. लाखो मेल पाठवायला खर्च जवळपास शून्य. खर्च सुरू होतो तो उत्तर आल्यावर. मग माणूस बसवून आठवडेच्या आठवडे गोड बोलत राहावं लागतं. चार पत्रांनंतर समोरच्याला शंका आली, की सगळी मेहनत पाण्यात. म्हणून पहिली मेलच इतकी बावळट लिहायची, की शहाण्याने हसून ती उडवावी. चाळणीतून उरतात ते भाबडे.

समजा, एका उत्तरामागे ठगाचे दोन हजार रुपये जातात आणि गिऱ्हाईक गळाला लागलं की लाख मिळतात. पन्नास उत्तरांत एक भोळा असेल, तर जमाखर्च जेमतेम जुळतो. त्यात आणखी पन्नास नाटकी भोळे घुसवा, धंदा बुडाला! व्हीच हा असाच एक नाटकी भोळा. (आपल्या नेहमीच्या मेलवरून मात्र हा उद्योग करू नये. उत्तर गेलं की पत्ता चालू असल्याचं ठगाला कळतं.)

ब्रिटनमधल्या एका बहाद्दराने कलाक्षेत्रातला असल्याची बतावणी करून एका ठगाकडून ‘कमोडोर ६४’ या जुन्या संगणकाचा कीबोर्ड लाकडात हुबेहूब कोरून घेतला होता. एकेक बटण कोरलेलं! त्या ठगाच्या हातातली कला पाहून मला हसूही आलं आणि हळहळही वाटली. काही जण मात्र ठगाला अंगावर गोंदवून घ्यायला लावतात किंवा धोक्याच्या प्रवासाला धाडतात. त्याला मी विनोद म्हणणार नाही.

माणसाचा वेळ तरी किती पुरणार? २०१७ मध्ये न्यूझीलंडच्या नेटसेफ संस्थेने ठगांशी न कंटाळता पत्रव्यवहार करणारा बॉट आणला. २०२४ मध्ये ब्रिटनच्या ओटू कंपनीने फोनवर हेच काम करणारी ‘डेझी’ नावाची कृत्रिम आजी आणली. ती विणकामाच्या आणि घरच्यांच्या गोष्टी सांगत ठगांना ताटकळत ठेवते.

पण यंत्रं ठगांनाही मिळू लागली आहेत. उत्तरं चॅटबॉटच लिहू लागला, तर हर्लींच्या गणितातला मोठा खर्चच गळून पडतो आणि वेळ खाण्याला फारसा अर्थ उरत नाही. म्हणूनच मुरलेले खेळाडू गोड बोलून ठगाचा खाते क्रमांक काढून घेतात आणि बँकेला कळवतात. मेल कितीही पाठवता येतात. पैसे वळवायला दुसऱ्याच्या नावाचं नवं खातं मिळवणं तितकं सोपं नसतं.