एका मताचा पक्ष

९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत महिला आरक्षण विधेयकावर मतदान झाले. गोंधळ घालणाऱ्या सात सदस्यांना आधीच निलंबित करून मार्शलकरवी बाहेर काढले होते. काही पक्षांनी सभात्याग केला होता. मोजणी झाली तेव्हा बाजूने १८६ मते होती आणि विरोधात एक. ते एक मत शरद जोशी यांचे होते. स्वतंत्र भारत पक्षाचे ते संसदेतले एकटे खासदार.

अनेकांना धक्का बसला, कारण हा माणूस बायकांच्या हक्कांना विरोध करणारा नव्हता. १९८६ साली नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचे विराट अधिवेशन त्यांच्याच शेतकरी संघटनेने भरवले होते. पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करून दिला. जोशींचा आक्षेप होता तो राखीव मतदारसंघ दर निवडणुकीत फिरते ठेवण्याच्या पद्धतीला. पुढच्या वेळी मतदारसंघ हातातून जाणारच असेल, तर निवडून आलेली बाई तो बांधील कशासाठी? त्यांना हा मुद्दा पटला होता, म्हणून ते जागेवर बसून राहिले आणि विरोधात मत दिले. या पक्षाचा स्वभाव समजून घ्यायला ही एक घटना पुरेशी आहे.

पक्षाआधीची ही शेतकरी संघटना १९७९ ची. चाकणचा कांदा, नाशिकचा ऊस, निपाणीची तंबाखू अशा आंदोलनांतून ती वाढली. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा आणि छातीवरचा लाल बिल्ला या तिच्या खुणा. शेतकरी गरीब आहे तो सरकार मदत करत नाही म्हणून नव्हे, तर सरकार भाव पाडते म्हणून, असे जोशी सांगत. निर्यातबंदी, लेव्ही, झोनबंदी, साठ्यांवरच्या मर्यादा ही भाव पाडण्याची हत्यारे. शेतकऱ्याला सबसिडी मिळते असे शहरात बोलले जाई, तेव्हा जोशी ‘उणे सबसिडी’चा हिशेब मांडून दाखवत. जागतिक व्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावावर देशभर टीका होत असताना त्यांनी त्याची उघड बाजू घेतली, आणि १९९४ साली स्वतंत्र भारत पक्ष काढला.

नावात जुना वारसा आहे. काँग्रेसने जानेवारी १९५९ मध्ये नागपूर अधिवेशनात सहकारी शेतीचा ठराव केला, त्याविरोधात राजाजी, मिनू मसानी, एन. जी. रंगा यांनी स्वतंत्र पक्ष उभा केला होता. १९६७ मध्ये लोकसभेत त्याचे ४४ खासदार होते. १९७४ पर्यंत तो पक्ष संपला. त्यानंतर अशा पक्षाची वाट कायद्यानेही अवघड केली. लोकप्रतिनिधित्व कायद्यातल्या १९८९ पासूनच्या कलमानुसार, नोंदणी हवी असेल तर पक्षाला आपल्या घटनेत समाजवादावर निष्ठा लिहून द्यावी लागते. ज्याच्या साऱ्या राजकारणाचा पाया सरकारशाहीला विरोध हा आहे, त्यालाही हे लिहून द्यावे लागते. विचारस्वातंत्र्याच्या दृष्टीने ही गोष्ट गंभीर आहे, आणि तिच्याविषयी आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही.

प्रचाराची या पक्षाची खरी पद्धत सभेच्या व्यासपीठावर दिसत नाही, ती शेतात दिसते. १० जून २०१९ चे उदाहरण घ्या. अकोला जिल्ह्यात अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीर गावात राज्यभरातून शेतकरी जमले आणि त्यांनी एचटीबीटी कापसाची सरकी उघडपणे लावली. तणनाशक सहन करणारे हे वाण. त्याला देशात परवानगी नाही. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली तेव्हा पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकत होता. वऱ्हाडात हे बियाणे ‘चोर बीटी’ म्हणून त्याआधीच घरोघर पोचले होते. पाकिटावर कंपनीचे नाव नाही, पावती नाही, उगवले नाही तर दाद मागायची सोय नाही. ज्यांना ते हवे होते त्यांचे कारण साधे होते: पावसाची झड लागली की डवरा चालत नाही, निंदणाला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी परवडत नाही, आणि तोवर तण कापसाच्या वर जाते.

शेतकरी संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष अनिल घनवट आणि त्यांचे सहकारी हे काम रात्री लपूनछपून करू शकले असते. तसे तर सगळेच करत होते. त्यांनी तारीख आणि गाव आधी जाहीर केले, पत्रकारांना बोलावले, कायदा मोडतो आहोत हे सांगून मोडला आणि गुन्हे अंगावर घेतले. हा सविनय कायदेभंग होता. पिकात कोणते तंत्र वापरायचे हे शेतकऱ्याने ठरवावे, ही मागणी त्यांनी मुठीतल्या सरकीने मांडली. तिला पूर्वीचा दाखलाही होता. २००१ मध्ये गुजरातेत विनापरवाना बीटी कापूस सापडला आणि सरकार तो नष्ट करायला निघाले, तेव्हा शरद जोशी त्या शेतकऱ्यांच्या पाठीशी उभे राहिले होते. काही महिन्यांतच, मार्च २००२ मध्ये, बीटी कापसाला परवानगी मिळाली. एचटीबीटीच्या बाबतीत तसे झाले नाही. तणनाशकांच्या अतिवापराची भीती खोटी नाही आणि तिचे उत्तर शास्त्रीय चाचण्यांनीच द्यायला हवे. पण चाचण्या अडवून ठेवायच्या आणि बाजार बेनामी पाकिटांच्या हाती सोडायचा, यात शेतकऱ्याचे रक्षण कसे होते, या त्यांच्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

केंद्राच्या तीन कृषी कायद्यांच्या वेळी घनवट सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये नेमलेल्या समितीवर होते. कायदे रद्द करण्याऐवजी दुरुस्त करावेत, असे समितीचे मत होते. अहवाल मार्च २०२१ मध्ये न्यायालयाला दिला गेला आणि बंद पाकिटातच राहिला. नोव्हेंबरात कायदे मागे घेण्याची घोषणा झाली. मार्च २०२२ मध्ये घनवटांनी तो अहवाल स्वतः प्रसिद्ध केला. ज्या प्रश्नावर देश वर्षभर रस्त्यावर होता, त्यावरचा दस्तऐवज लोकांनी वाचू नये हे त्यांना मान्य नव्हते, आणि ते बरोबरच होते.

जानेवारी २०२३ मध्ये पक्षाने मुंबईत सेबी या बाजार नियामक संस्थेच्या कार्यालयावर मोर्चा नेला. सोयाबीन, हरभरा, मोहरीसह सात शेतमालांच्या वायदे व्यवहारांवर डिसेंबर २०२१ पासून बंदी होती. पेरणीच्या वेळीच पुढच्या भावाचा अंदाज देणारा बाजार सुरू करा, ही त्यांची मागणी. शेतकऱ्यांचा मोर्चा अनुदान मागत नाही, बाजार उघडा म्हणतो, हे दृश्य महाराष्ट्राला सवयीचे नाही. बंदी पुढे पुन्हा पुन्हा वाढवली गेली.

एवढे करूनही मते मिळत नाहीत. २००४ मध्ये वामनराव चटप राजुऱ्यातून पक्षाचे आमदार झाले, २८८ जणांत एकटे. जोशी त्याच वर्षी राज्यसभेत गेले ते भाजप-शिवसेनेच्या पाठिंब्यावर. २०२४ च्या विधानसभेला पक्ष परिवर्तन महाशक्ती या आघाडीत सामील झाला, पण चटप राजुऱ्यात हरले. त्याच वर्षी राज्य सरकारने महिलांच्या खात्यात महिन्याला दीड हजार रुपये टाकण्याची योजना जाहीर केली होती. खात्यात जमा झालेली रक्कम दिसते. न झालेली निर्यातबंदी कुणाला दिसत नाही. शिवाय ‘रास्त भाव’ मागणारी चळवळ खुल्या बाजाराकडे गेली, तेव्हा तिचे बरेच जुने कार्यकर्ते गोंधळले आणि काही सोडून गेले. माझ्या मते मोठी उणीव वेगळी आहे. परवाने आणि परवानग्यांचा जाच फेरीवाल्याला, रिक्षावाल्याला, छोट्या कारखानदारालाही होतो. त्यांच्याशी या पक्षाने नाते जोडले नाही. विचार सगळ्यांचा असताना पक्ष शेतीच्या बांधापर्यंतच राहिला.

आणि बांधाच्या आतही रोष दुसऱ्यांच्या झोळीत जातो. डिसेंबर २०२३ मध्ये कांदा निर्यातबंदी लागली. लोकसभेला नाशिक आणि दिंडोरीत सत्ताधाऱ्यांचे उमेदवार पडले, त्यामागे कांद्याचा राग होता. पण त्या रागाची मते मोठ्या विरोधी पक्षांना मिळाली, ज्यांच्या राज्यातही निर्यातबंदी वापरली गेली होती. बंदी उठली तरी निर्यातशुल्क राहिले. ते पूर्ण हटायला १ एप्रिल २०२५ उजाडावा लागला. उद्या भाव चढले तर तीच बंदी पुन्हा घालण्याचा अधिकार केंद्राकडे आजही आहे, आणि तो अधिकारच काढून घ्या म्हणणाऱ्या या पक्षाचा एकही आमदार आज विधानसभेत नाही.