थंड इंजिनाचा ताप



उन्हाळ्यात मंडळाचा कोणताही कार्यक्रम संपला की पार्किंगमध्ये एकच चर्चा रंगते: कुणाची गाडी कुठे तापली आणि रिकव्हरी व्हॅन किती वेळाने आली. गाडी थंड पडते, अशी तक्रार मात्र आम्ही कधी ऐकली नव्हती. कुणी केली असती तर हसलोच असतो. वाळवंटात राहून इंजिन गार पडते म्हणणे म्हणजे आंबोलीत राहून पाऊस पडत नाही म्हणण्यासारखेच! पण गेल्या जानेवारीत हे आमच्याच गाडीच्या बाबतीत घडले, म्हणून हा लेखप्रपंच.

सासूबाई भारतातून आल्या होत्या. त्यांना सूर्योदय दाखवायचा म्हणून पहाटे चारला शारजाहून निघालो, ते थेट रास अल खैमाच्या जेबेल जैसकडे. शेख मोहम्मद बिन झायेद रोडवर गाडीने वेग घेतला तसा तापमानाचा काटा हळूहळू खाली आला आणि ‘सी’च्या रेघेला टेकला. आम्हाला आनंदच झाला. म्हटले, आज गाडी खूश आहे! घाट चढताना काटा थोडा वर आला. वर पोहोचलो, सूर्योदय झाला, थालीपीठ आणि थर्मासमधला चहा झाला. गारठा चांगलाच होता. उंचीवर हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी गार होते आणि जैस १,९०० मीटरच्या वर आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये तेथे पारा शून्याच्याही खाली गेला होता.

खरी गंमत उतरताना झाली. पोरे कुडकुडत होती म्हणून काचा बंद करून हीटर पूर्ण सोडला, तर वारा गारच! पाच जणांच्या श्वासाने समोरची काच आतून धुरकट होऊ लागली. पुढे वळण, डोळ्यांसमोर दुधी काच आणि शेजारच्या सीटवरून शालीने काच पुसण्याची धडपड. कडेला जागा मिळताच गाडी थांबवली, काचा उघडल्या, एसी लावून काच कोरडी केली आणि सगळे शाली गुंडाळून थंडीत कुडकुडत खाली आलो. सासूबाई म्हणाल्या, “तुमच्या इंजिनापेक्षा माझा थर्मास बरा.” त्यांनी नकळत निदानच केले होते!

हसण्यावारी नेण्याची ही गोष्ट नव्हती. ११ मार्च २००८ च्या सकाळी अबुधाबी-दुबई महामार्गावर दाट धुक्यात दोनशेच्या आसपास वाहने एकमेकांवर आदळली होती, हे इथले जुने रहिवासी विसरलेले नाहीत. बाहेरचे धुके आपल्या हातात नाही. आतली काच स्वच्छ ठेवणे मात्र आपल्या हातात आहे, आणि त्यासाठी गरम इंजिन लागते. हीटरला ऊब मिळते ती इंजिनातून फिरणाऱ्या पाण्याचीच.

थर्मोस्टॅट करतो काय?

इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये एक छोटी झडप असते, ती म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिन थंड असताना ती बंद राहते, त्यामुळे पाणी इंजिनातल्या इंजिनातच फिरते आणि लवकर गरम होते. ठरलेले तापमान आले, बहुतेक गाड्यांत ८२ ते ८८ अंश, की झडप उघडू लागते आणि पाणी रेडिएटरकडे जाते. हवा गार झाली, वेग वाढला, की ती पुन्हा मिटते. तिला ना बॅटरी लागते ना वायर. आत असते चक्क मेण! वितळताना या मेणाचे आकारमान दहा-पंधरा टक्के वाढते, त्या जोरावर दांडा सरकतो आणि झडप उघडते. पूर्वीच्या थर्मोस्टॅटमध्ये द्रव भरलेले धातूचे भाते असत. मेणाची ही युक्ती अमेरिकेतील सर्जियस व्हर्नेट यांनी १९३० च्या दशकात काढली, आणि ती आजही बहुतेक गाड्यांत आहे.

आता कबुली. गॅरेजमध्ये आमच्या गाडीचे थर्मोस्टॅटचे घर उघडले, तर आत काहीच नव्हते. घरी जुनी फाइल काढली. दोन उन्हाळ्यांपूर्वी गाडी तापली होती, तेव्हाच्या बिलावर ‘थर्मोस्टॅट काढला’ असे स्वच्छ लिहिलेले होते, खाली आमचीच सही! “साब, इधर गल्फ में इसकी क्या जरूरत?” असे तेव्हाच्या मेकॅनिकने म्हटल्याचे आठवले, आणि आम्ही मान डोलावल्याचेही. प्रयोगशाळेत दिवसभर थर्मोस्टॅट लावलेल्या पाण्याच्या बाथसमोर उभे राहणारे आम्ही, गाडीतला मात्र काढू दिला.

यामागे एक जुनी भीती आहे. आपल्यापैकी अनेकांच्या लहानपणी खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या फियाट आणि अँबॅसिडर असायच्या, आणि बाबा बाटलीतले पाणी रेडिएटरवर ओतत असायचे. काटा वर म्हणजे संकट, खाली म्हणजे सुख, हे तेव्हापासून मनात बसलेले. झडप काढून टाकण्याची रीत तिकडेही होती, इकडेही आहे. पण त्याने मूळ दुखणे बरे होत नाही. गाडी तापते ती रेडिएटर आतून गाळाने किंवा बाहेरून धुळीने भरल्यामुळे, फॅन किंवा पाण्याचा पंप बिघडल्यामुळे, रेडिएटरचे झाकण दाब धरत नसल्यामुळे, किंवा झडप बंद अवस्थेत अडकल्यामुळे. झडप अडकली असेल तर ती बदलायची, फेकून द्यायची नाही. काही इंजिनांत हीच झडप उघडताना दुसऱ्या बाजूने पाण्याची आडवाट बंद करते. ती काढली की थोडे पाणी रेडिएटरला वळसा घालून तसेच परत फिरते, आणि ऑगस्टमध्ये गाडी उलट जास्त तापू शकते!

इंजिन थंड राहिले तर बिघडते काय?

पहिले, पेट्रोल. इंजिन अजून थंडच आहे असे समजून गाडीचा संगणक जादा पेट्रोल सोडत राहतो. अनेक ऑटोमॅटिक गाड्या इंजिन तापेपर्यंत वरच्या गियरलाही नीट बसत नाहीत. “पेट्रोल कुठे महाग आहे?” हा जुना युक्तिवाद ऑगस्ट २०१५ पासून चालत नाही, कारण तेव्हापासून इथले दर जागतिक भावांप्रमाणे दरमहा ठरतात.

दुसरे, ऑइल. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते. खोटे वाटेल, पण रसायनशास्त्राचा हिशेब तसाच आहे. त्यातले बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून जाते, पण थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांजवळून खाली ऑइलकडे झिरपते. गरम इंजिनात ती उडून जाते. थंड इंजिनात मात्र तिचे पाणी होऊन ऑइलमध्ये मिसळते, सोबत न जळलेले पेट्रोलही. ऑइल पातळ होते आणि सिलिंडर झिजतो. ऑइलच्या झाकणाखाली ताकावरच्या लोण्यासारखा पिवळट फेस दिसला, तर तो याचा पुरावा असू शकतो. पण तेव्हा कूलंटची पातळीही कमी होत असेल तर गॅस्केटची शंका घ्यावी आणि गाडी लगेच दाखवावी. घर ते शाळा, शाळा ते ऑफिस अशा छोट्या फेऱ्यांच्या गाड्यांना हा त्रास अधिक.

घरच्या घरी तपासणी

१. काट्याची सवय पाहा. सिग्नलला उभे असताना वर आणि हायवेवर खाली, असे होत असेल तर झडप उघडी अडकली आहे किंवा जागेवरच नाही. काटा खाली, पण हीटर छान गरम असेल, तर बहुधा सेन्सरचा किंवा काट्याचाच दोष. काटा मध्यावर, पण हीटर गार असेल, तर कूलंट कमी असेल, हवा अडकली असेल किंवा हीटरमध्येच बिघाड असेल.

२. कूलंटची पातळी पाहा, पण सकाळी, इंजिन थंड असताना. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. पातळी फार खाली गेली असेल तर सेन्सरला पाण्याचा स्पर्शच होत नाही आणि काटा थंड दाखवत असताना इंजिन आतून भाजत असते. ही शक्यता सर्वांत आधी दूर करावी.

३. सकाळी इंजिन सुरू करून रेडिएटरकडे जाणारी वरची जाड नळी हाताने जपून चाचपा. झडप धड असेल तर नळी काही मिनिटे गारच राहते आणि मग एकदम गरम होते. सुरुवातीपासून कोमट होत गेली, तर झडपेवर संशय. अनेक जपानी गाड्यांत थर्मोस्टॅट खालच्या नळीकडे असतो, तेथे खालची नळी पाहावी. इलेक्ट्रिक फॅन अचानक फिरू लागतो, म्हणून ओढणी, पदर आणि मुलांचे हात दूर ठेवा.

४. शक्य असेल तर स्कॅनर लावा. स्टिअरिंगखाली जोडायचा छोटा स्कॅनर थोड्या दिरहमांत मिळतो आणि पाण्याचे खरे तापमान आकड्यात दाखवतो. डॅशबोर्डच्या काट्यावर फार विसंबू नये, कारण बऱ्याच नव्या गाड्यांत तो मोठ्या फरकातही मध्यावरच थांबेल असा बनवलेला असतो. चांगले तापलेले इंजिन साधारण ८५ ते १०० अंशांत राहते. आमचे हायवेवर साठीच्या आसपास होते. अमेरिकेहून आणलेली गाडी घेतलेल्या सभासदांनी ‘पी ०१२८’ हा कोड लक्षात ठेवावा. इंजिन अपेक्षेइतके तापत नाही, असा त्याचा अर्थ.

५. फॅन सतत फिरतो का, तेही पाहा. मात्र झडप नीट असेल तर एकटा फॅन सहसा इंजिन इतके गार पाडत नाही.

नवा बसवताना

थर्मोस्टॅटवर उघडण्याचे तापमान कोरलेले असते. गाडीच्या कंपनीने सांगितलेलाच आकडा घ्यावा, ‘इथे कमीचा बरा’ म्हणणाऱ्याचे ऐकू नये. बसवण्याआधी आम्ही तो दोऱ्याने पाण्याच्या पातेल्यात टांगला, थर्मामीटर लावला आणि गॅस पेटवला. ८२ ला झडप हलली, पाणी उकळण्याआधी पूर्ण उघडली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. जुना, वापरलेला थर्मोस्टॅट तपासणार असाल तर ते पातेले पुन्हा स्वयंपाकात वापरू नका.

बसवताना साधे नळाचे पाणी भरू देऊ नका. निम्मे ग्लायकॉल आणि निम्मे शुद्ध पाणी असे कूलंट दाबाशिवायही १०७ अंशांच्या आसपास उकळते आणि त्यातील रसायने गंज रोखतात. त्याला अँटिफ्रीझ म्हणतात म्हणून ‘इथे गोठायचे काय?’ असे समजू नये. ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते. मुले आणि मांजरे यांच्यापासून ते दूर ठेवा, सांडलेले लगेच पुसा.

आमचा सारा खर्च मजुरीसह दोनशे दिरहमच्या आत आटोपला. तो दोन वर्षे का टाळला, याचा विचार केला. ‘एक-दोन वर्षांत गाडी विकायचीच आहे, कशाला खर्च?’ असे आपण इथे येतो त्या दिवसापासून म्हणत असतो, आणि त्याच गाडीतून मुले शाळेत जाऊन मोठीही होतात.

तेव्हा जुनी बिले एकदा काढून पाहा. मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला अर्धा तास आधी आलात तर आमचा स्कॅनर घेऊन आम्ही पार्किंगमध्येच उभे असू. घरून येईपर्यंत तुमचे इंजिन गरम झालेले असेलच. नसेल, तर निदान तिथेच झाले!