खरेदी आदेशावरच्या तारखा



गळीत हंगाम संपला की कारखान्यात दुरुस्तीची कामे निघतात. रोलर, बेअरिंग, पंपाचे सुटे भाग बाहेरून मागवावे लागतात. एका बेअरिंगपायी मोळी टाकायला उशीर झाला, तर फडातल्या उसाला तुरे येतात, वजन घटते आणि भुर्दंड आपल्यालाच बसतो. उसाची नोंद करताना लागणीची तारीख चुकली की तोडीचा क्रम चुकतो, हे आपण जाणतोच. संगणकावर निघणाऱ्या खरेदी आदेशाचेही तसेच आहे.

त्यावर मुख्यतः चार तारखा असतात. आदेश काढला ती आदेशाची तारीख. माल आपल्याला कधी हवा, ती मागणीची तारीख. पुरवठादार कबूल करतो, ती वचनाची तारीख. आणि माल वापरायला हाती येईल, ती अपेक्षित तारीख. ही चौथी तारीख संगणक हिशेबाने काढतो.

समजा, १० जुलैला आदेश निघाला आणि माल यायला ४५ दिवस लागतात. म्हणजे २४ ऑगस्ट. उशीर झालाच तर म्हणून ७ दिवस जादा धरले, माल उतरवून तपासायला २ दिवस. अपेक्षित तारीख झाली २ सप्टेंबर. पण फिटरला बेअरिंग १५ ऑगस्टलाच हवे असेल तर? मग ५४ दिवस मागे जावे लागेल. आदेश २२ जूनलाच निघायला हवा होता!

पुरवठादाराने मुदत वाढवून मागितली, तर वचनाची तारीख बदलावी. मागणीच्या तारखेला मात्र हात लावू नये. ती बदलली की सगळा माल वेळेवर आल्यासारखा दिसतो आणि उशिराचा जाब कोणाला विचारायचा तेच कळत नाही.

माल आल्यावर पोहोचेची तारीखही त्याच दिवशी नोंदवावी. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे २००६ च्या कायद्याप्रमाणे माल स्वीकारल्यापासून फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर व्याज चढते. उसाच्या पैशासाठी १४ दिवस मोजणाऱ्या सभासदाला हे वेगळे सांगायला नको.

वार्षिक सभेत खरेदीचा विषय निघेल, तेव्हा दर जरूर विचारा. पण त्याबरोबर एवढेही विचारा: माल हवा होता कधी, आणि आला कधी?